धान्याचे कोठार, माणसांचा समारंभ : स्नेप मॉल्टिंग्जच्या रूपांतराची चिकित्सा

प्रस्तावना

धान्य साठविण्याच्या जागांना मराठीत अनेक नावे आहेत : कणगी, कोठी, बळद, पेव, अंबार. यांपैकी जमिनीखालचे पेव आज फारच थोड्यांनी पाहिलेले असेल. परंतु एखाद्या गोष्टीचे ‘पेव फुटले’ असे आपण सहज म्हणतो. वस्तू नाहीशी झाली, तिचे नाव एका वाक्प्रचारात उरले आणि बोलणाऱ्याला मूळ वस्तूचे स्मरणही राहिले नाही. शेतीच्या जुन्या इमारतींचे समारंभस्थळात रूपांतर होते तेव्हा त्या इमारतींचेही असेच काही होते काय, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या विवेचनासाठी इंग्लंडमधील सफोक परगण्यातील स्नेप मॉल्टिंग्ज ही वास्तू निवडली आहे. जवाला मोड आणून मॉल्ट तयार करणारी ही एकोणिसाव्या शतकातील इमारत १९६७ मध्ये संगीत-सभागृह झाली. शेतीशी निगडित वास्तूच्या पुनर्वापराचे यशस्वी उदाहरण म्हणून तिचा उल्लेख नेहमी केला जातो. तिचे यश नाकारण्याचा येथे हेतू नाही. ते यश नेमके कशाचे आहे आणि त्याचा दाखला इतरत्र कितपत देता येईल, एवढेच तपासावयाचे आहे. तुलनेसाठी इंग्लंडमधीलच दोन मध्ययुगीन कोठारांचा विचार केला असून, शेवटी या चर्चेचा महाराष्ट्राशी असलेला संबंध स्पष्ट केला आहे.

रूपांतराची मागणी

इंग्लंडमधील ‘बार्न’ म्हणजे केवळ साठवणीची जागा नव्हे. आपल्याकडे खळे उघड्यावर असते, कारण सुगीच्या दिवसांत आकाश बहुधा निरभ्र असते. इंग्लंडच्या पावसाळी हवेत ही सोय नाही. म्हणून तेथे खळेच छपराखाली आणावे लागले. समोरासमोरचे दोन मोठे दरवाजे, त्यांच्यामध्ये मळणीची जमीन, दोन्ही दरवाजे उघडले की उफणणीसाठी वाहणारा वारा आणि दोन्ही अंगांना पेंढ्या रचण्याचे खण अशी या इमारतीची रचना असे. मळणीयंत्रे आली तेव्हा ही रचना निरुपयोगी झाली. पुढे मोठे ट्रॅक्टर आणि कापणी-मळणीची संयुक्त यंत्रे आल्यावर जुन्या दरवाजांतून आत शिरणेही अवघड झाले. इमारती ओस पडल्या त्या दुर्लक्षामुळे नव्हे, तर शेतीचे तंत्र बदलल्यामुळे, हे प्रारंभीच लक्षात घेतले पाहिजे.

या ओस इमारतींना समारंभस्थळ म्हणून जी मागणी आली तिच्यामागे हौस होती, तसा कायदाही होता. १९९४ च्या विवाह कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये नोंदणी कार्यालयाबाहेरील मान्यताप्राप्त जागेत नागरी विवाह करण्याची मुभा दिली आणि १९९५ पासून ती अमलात आली. तोपर्यंत विवाह चर्चमध्ये किंवा नोंदणी कार्यालयात करावा लागे. आता एखाद्या कोठारातही तो विधिपूर्वक करता येऊ लागला. त्यानंतर अशा ‘मंगल कार्यालयांचे’ तेथे अक्षरशः पेव फुटले.

येथे एक विरोध उभा राहतो. धान्याला कोरडेपणा, अंधार आणि वारा हवा असतो. समारंभाला आलेल्या माणसांना ऊब, उजेड, स्वच्छतागृहे, स्वयंपाकघर, वाहनतळ आणि आग लागल्यास बाहेर पडण्याच्या वाटा लागतात. म्हणजे इमारत ज्या गरजांतून आकाराला आली, नेमक्या त्यांच्या विरुद्ध गरजा तिच्यावर लादल्या जातात. असे कोणतेही रूपांतर निरुपद्रवी असू शकत नाही. म्हणूनच ‘इमारत वाचली’ एवढ्या एका वाक्यावर समाधान मानणे चिकित्सकाला शक्य नाही.

स्नेप : मोडांच्या जमिनीपासून संगीतमंचापर्यंत

आल्ड नदीच्या काठी, स्नेप येथील पुलाजवळचा व्यवसाय न्यूसन गॅरेट या उद्योजकाने १८४१ मध्ये विकत घेतला आणि पुढील दशकांत तेथे मॉल्टचा मोठा कारखाना उभा केला. परिसरातील जव गोळा करावयाचा, त्याचे मॉल्ट करावयाचे आणि नदीमार्गे मद्यनिर्मितीसाठी पाठवावयाचे, असा हा उद्योग होता. नाचणीचे सत्त्व करताना आपण नाचणी भिजवितो, तिला मोड आणतो आणि ती वाळवितो. मॉल्ट करण्याचे तत्त्व हेच. फक्त प्रमाण प्रचंड. भिजविलेले जव विस्तीर्ण जमिनीवर पसरले जात. मोड येताना उष्णता निर्माण होते. त्यामुळे थर पुनःपुन्हा फावड्याने उलटावा लागे. मोड पुरेसे आले की ते भट्टीवरील मजल्यावर वाळविले जात. काम थंडीच्या मोसमात चाले. या कामाने इमारतीला तिचा घाट दिला : ठेंगणे, लांबलचक मजले, हवा नियंत्रित करणाऱ्या लहान खिडक्या आणि भट्ट्यांवरील उंच छपरांवरची वायुविजनाची टोपणे.

गॅरेट घराण्याचा आणखी एक संदर्भ मराठी वाचकाला महत्त्वाचा वाटावा असा आहे. न्यूसन गॅरेट यांची कन्या एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांनी १८६५ मध्ये वैद्यकीय व्यवसायाचा परवाना मिळविला. आरंभीच्या विरोधानंतर वडील त्यांच्या शिक्षणामागे उभे राहिले होते. पुढे त्या स्त्रियांसाठीच्या लंडनमधील वैद्यकीय विद्यालयाच्या अधिष्ठाता झाल्या आणि त्यांच्याच कारकिर्दीत मुंबईच्या रखमाबाई त्या विद्यालयात शिकल्या. मॉल्टच्या व्यापारातील पैसा आणि रखमाबाईंचे शिक्षण यांत सरळ कार्यकारणभाव दाखविण्याचा येथे प्रयत्न नाही. परंतु एका धान्य-इमारतीच्या इतिहासाचे धागे किती दूरवर पोहोचतात, याची यावरून कल्पना यावी.

मॉल्ट तयार करण्याचे काम १९६५ मध्ये बंद पडले. त्याच सुमारास जवळच्या ऑल्डबरा गावी एका वेगळ्याच संस्थेला जागेची निकड भासत होती. संगीतकार बेंजामिन ब्रिटन, गायक पीटर पिअर्स आणि एरिक क्रोझियर यांनी १९४८ मध्ये सुरू केलेला संगीतमहोत्सव गावातील लहानशा जुबिली हॉलमध्ये आणि परिसरातील चर्चमध्ये होत असे. त्याला मोठे सभागृह हवे होते. अरुप असोसिएट्स या संस्थेचे अभियंते डेरेक सग्डन यांच्याकडे स्नेप येथील सर्वांत मोठ्या इमारतीचे रूपांतर सोपविण्यात आले. आतील मजले व मधल्या भिंती काढण्यात आल्या, बाह्य भिंती मजबूत करण्यात आल्या आणि त्यांवर नवे लाकडी छत चढविण्यात आले. वायुविजनाची टोपणे जुन्याच घाटाची ठेवली गेली. विटांच्या भिंती गिलावा न करता उघड्या राहिल्या. सुमारे ८३० आसनांच्या या सभागृहाचे उद्घाटन २ जून १९६७ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते झाले.

दोनच वर्षांनी, ७ जून १९६९ रोजी, महोत्सवाच्या पहिल्याच रात्री हे सभागृह आगीत भस्मसात झाले. केवळ भिंती उरल्या. तरीही त्या वर्षीचा महोत्सव थांबला नाही. मोट्सार्टच्या ‘इडोमेनेओ’ या संगीतिकेचा प्रयोग ब्लिथबरा येथील चर्चमध्ये हलविण्यात आला. सभागृह पुन्हा बांधले गेले आणि १९७० च्या महोत्सवासाठी खुले झाले.

काय टिकले, काय गेले

स्नेपविषयीच्या गौरवपर लेखनात जुन्या वास्तूचा आत्मा जपल्याचे वारंवार सांगितले जाते. हे विधान तपासून पाहिले पाहिजे.

आज रसिक ज्या उंच, भव्य अवकाशाने भारावून जातो तो अवकाश मॉल्ट करणाऱ्या कामगाराने कधी पाहिलाच नव्हता. त्याचे आयुष्य ठेंगण्या मजल्यांवर, ओल्या धान्याच्या वासात आणि वाकलेल्या पाठीने गेले. सभागृहाची भव्यता ही जुन्या इमारतीची देणगी नसून, तिचे अंतरंग काढून टाकल्यामुळे निर्माण झालेली पोकळी आहे. जे छत जुने वाटते ते १९६७ चेही नाही. ते आगीनंतरचे, १९७० चे आहे. उघड्या विटांचा जो खरखरीत पोत आज सौंदर्य म्हणून वाखाणला जातो तो कामाच्या जागेचा साधेपणा होता. त्याकडे सौंदर्य म्हणून पाहणारी दृष्टी रसिकाची आहे, कामगाराची नव्हे.

१९६४ च्या व्हेनिस सनदेच्या पाचव्या कलमाचा निकष येथे लावून पाहता येईल. स्मारकाचा समाजोपयोगी वापर इष्ट आहे. मात्र त्यासाठी इमारतीची मांडणी बदलता कामा नये, असा त्या कलमाचा आशय आहे. सनदेनंतर अवघ्या तीन वर्षांनी पूर्ण झालेले स्नेपचे सभागृह या निकषावर उतरत नाही. मांडणी बदलली एवढेच नव्हे, तर ती उरलीच नाही.

मग स्नेपला अपयशी म्हणावयाचे काय? तसे म्हणणेही अन्यायाचे होईल. मॉल्टच्या इमारतीचे दोन गुण नव्या वापराने खऱ्या अर्थाने कामाला लावले. पहिला, जाड विटांच्या भिंती. ध्वनी शोषून न घेता परावर्तित करणाऱ्या या भिंती आणि छताखालचा मोठा घनावकाश यांमुळे सभागृहाला संगीतास पोषक अशी निनादाची समृद्धी लाभली. ब्रिटन यांच्या अनेक ध्वनिमुद्रणांसाठी याच सभागृहाची निवड झाली, ती केवळ भावनिक कारणाने नव्हे. दुसरा गुण म्हणजे स्थान. नदी, वेताचे रान आणि सपाट क्षितिज यांमध्ये उभी असलेली ही इमारत शहरात उचलून नेता आली नसती. ब्रिटन यांच्या संगीताचे या किनाऱ्याशी जे नाते आहे ते येथे आपोआप साकार झाले. येथे इमारत ही समारंभाची केवळ पार्श्वभूमी राहिली नाही. ती वाद्यासारखी वापरली गेली.

याहून महत्त्वाचा मुद्दा संस्थेचा आहे. महोत्सव इमारतीच्या एकोणीस वर्षे आधीपासून अस्तित्वात होता. त्याचे काम ठरलेले होते, श्रोते ठरलेले होते, अडचण ठरलेली होती. इमारत जळली त्या वर्षीही संस्था चालू राहिली; म्हणजे संस्थेचे अस्तित्व इमारतीवर अवलंबून नव्हते. उलट इमारत पुन्हा उभी राहिली ती संस्था होती म्हणून. पुढे येथे तरुण संगीतकारांचे शिक्षण सुरू झाले, २००९ मध्ये सरावासाठी नव्या जागा उभ्या राहिल्या आणि २०१५ मध्ये संस्थेने हा परिसर विकत घेतला. मैफल ही प्रेक्षकासाठी एका संध्याकाळची गोष्ट असते. सराव आणि शिक्षण ही रोजची मेहनत असते. स्नेप ही आजही काम करण्याची जागा आहे, हे तिच्या रूपांतराचे सर्वांत भक्कम समर्थन होय.

याच परिसरातील एका लहान रूपांतराचा उल्लेख आवश्यक आहे. एका पडक्या कबुतरखान्याच्या भग्न भिंतींच्या आत, त्यांना दुरुस्त न करता, गंजाचा थर धारण करणाऱ्या पोलादाची एक छोटी कलादालनवजा खोली बसविण्यात आली. हॉवर्थ टॉम्पकिन्स या वास्तुरचनाकारांचे हे काम. येथे जुने कोणते आणि नवे कोणते याविषयी पाहणाऱ्याची फसगत होत नाही. १९६७ च्या सभागृहात नवे छत जुन्यासारखे दिसते. कबुतरखान्यात नवे हे नवेच दिसते. चार दशकांत पुनर्वापराच्या विचारात झालेला बदल या दोन इमारती शेजारी शेजारी दाखवितात, आणि प्रामाणिकपणाच्या बाबतीत लहान इमारत मोठीपेक्षा सरस ठरते.

दोन कोठारे : तुलनेसाठी

स्नेपमध्ये इमारतीचे अंतरंग पूर्ण बदलले. याच्या दुसऱ्या टोकाला हार्मंड्सवर्थ येथील कोठार आहे. १४२६-२७ मध्ये विंचेस्टर कॉलेजच्या मालकीच्या जमिनीवरील पिकांसाठी ते बांधले गेले. एका शिक्षणसंस्थेच्या उत्पन्नाचे हे साधन होते, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. सुमारे ५८ मीटर लांबीच्या या ओकच्या सांगाड्यातील बहुतांश लाकूड मूळचे आहे. हीथ्रो विमानतळाच्या प्रस्तावित विस्ताराच्या छायेत हे कोठार अनेक वर्षे एका खासगी मालकाकडे दुर्लक्षित पडून होते. इंग्लिश हेरिटेजने ते सुमारे २०,००० पौंडांस विकत घेऊन दुरुस्त केले. ठरावीक दिवशी, स्थानिक स्वयंसेवकांच्या मदतीने ते लोकांसाठी उघडले जाते. येथे कोठाराला कोठारच राहू दिले गेले. किंमत एवढीच की बहुतेक दिवस ते रिकामे असते.

या दोहोंच्या मध्ये इसेक्समधील क्रेसिंग टेंपल येथील कोठारे येतात. टेंप्लर पंथाच्या जमिनीवर तेराव्या शतकात उभारलेली ही जव-कोठार व गहू-कोठार या नावांनी ओळखली जाणारी दोन कोठारे १९८७ पासून परगण्याच्या परिषदेकडे आहेत. तेथे प्रदर्शने, मैफली आणि विवाह होतात. सेसिल ह्यूएट यांनी जुन्या लाकडी सांध्यांवरून इमारतींचा काळ ठरविण्याची जी अभ्यासपद्धती विकसित केली, तिच्यात या कोठारांना मोठे स्थान होते. येथे समारंभ इमारतीत येतो आणि निघून जातो. सांगाडा तसाच राहतो. परंतु समारंभाच्या गर्दीत ते सांधे किती जण वर मान करून पाहतात, हा प्रश्न उरतोच.

समारंभाच्या उत्पन्नाला तुच्छ लेखणे मात्र सोपे आणि चुकीचे आहे. लाकडी छपराची दुरुस्ती कोणाला तरी करावीच लागते. रिकामे कोठार दहा-वीस पावसाळ्यांत कोसळते आणि कोसळलेल्या कोठाराची शुद्धता कोणाच्याही उपयोगाची नसते. आक्षेप उत्पन्नाला नाही. उत्पन्न हाच एकमेव हेतू असण्याला आहे.

तिन्ही उदाहरणांवरून रूपांतराला विचारावयाचे तीन प्रश्न निश्चित करता येतात. नवा वापर इमारतीचा एखादा मूळ गुण खरोखर वापरतो काय? केलेला बदल पुढील पिढीला मागे घेता येईल काय? इमारतीत पूर्वी झालेल्या श्रमांची ओळख येणाऱ्याला होते काय? हार्मंड्सवर्थमध्ये नवा वापर नाममात्र आहे; म्हणून तेथे पहिला प्रश्न फारसा उद्भवत नाही आणि उरलेल्या दोहोंची उत्तरे समाधानकारक आहेत. क्रेसिंग टेंपल दुसऱ्या प्रश्नाला निःसंदिग्ध होकार देते. स्नेप पहिल्या प्रश्नात सर्वांत पुढे, दुसऱ्यात सर्वांत मागे आहे आणि तिसऱ्यात तिचे उत्तर अर्धवट आहे. मॉल्टिंग्ज हे नाव राहिले. मॉल्ट करणारे मात्र पेवासारखे वाक्प्रचारात गेले.

आपल्या संदर्भात

हा विचार महाराष्ट्रात करण्याचे कारण आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातील काही किल्ले पर्यटनविकासासाठी भाडेपट्ट्याने देण्याचा आणि तेथे विवाहसमारंभ होण्याचा विषय वृत्तपत्रांतून पुढे आला, तेव्हा तीव्र प्रतिक्रिया उमटली. शिवकालाशी निगडित किल्ल्यांना हे लागू नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. त्या वादात भावना प्रबळ होती आणि ती समजण्यासारखी होती. परंतु भावना हा निकष होऊ शकत नाही. ज्या वास्तूंशी थोर नाव जोडलेले नाही त्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न त्या खुलाशाने सुटला नाही. धान्याच्या इमारती बहुधा याच दुसऱ्या वर्गात मोडतात.

पन्हाळ्यावरील अंबरखाना हा याला सन्माननीय अपवाद. गंगा, यमुना आणि सरस्वती ही नद्यांची नावे धारण करणारी त्याची कोठारे पाहिली की १६६० मधील सिद्दी जौहरच्या वेढ्यात गडावरच्या साठ्याला काय मोल असेल, ते वेगळे सांगावे लागत नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकांत सभा, मेजवानी किंवा करमणुकीचा कार्यक्रम करण्यास १९५९ च्या नियमांनुसार लेखी परवानगी लागते. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. पन्हाळा त्यांपैकी एक आहे. पर्यटकांची संख्या वाढेल तसा कार्यक्रमांचा आग्रहही वाढेल, आणि त्या वेळी स्नेपचा दाखला कोणीतरी देईलच.

त्याला द्यावयाचे उत्तर वरील विवेचनातून मिळते. स्नेपमध्ये आधी संस्था होती, मग इमारत आली. एका कामाला जागा हवी होती आणि त्या कामाला साजेशी जागा सापडली. आपल्याकडील प्रस्तावांत क्रम बहुधा उलटा असतो : जागा मोकळी आहे, तिच्यातून उत्पन्न कसे काढावे? हा क्रम उलटला की स्नेपचा दाखला लागू पडत नाही, मग भिंती कितीही चांगल्या राखलेल्या असोत. महाविद्यालयाचे सभागृह सुटीत लग्नाला द्यावे काय, यावर आपण वाद घालतो तेव्हाही नकळत हाच निकष लावीत असतो. सुटी संपताच तेथे तास सुरू होणार असतात, म्हणून चार दिवसांचा मांडव सभागृहाला मंगल कार्यालय बनवीत नाही.

समारोप

एकंदरीत, स्नेप मॉल्टिंग्ज हे उत्कृष्ट सभागृह आहे, परंतु अनुकरणासाठी धोक्याचे उदाहरण आहे. त्याचे यश भिंती जपण्यात नसून त्या भिंतींमध्ये नव्याने चालू झालेल्या कामात आहे, आणि ते काम आयात करता येत नाही. धान्याच्या इमारतीत समारंभ व्हावा की नाही, यापेक्षा समारंभ संपल्यावर तेथे दुसऱ्या दिवशी सकाळी कोण, कोणत्या कामासाठी येणार, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर हाती नसेल, तर छप्पर दुरुस्त करून, दार उघडे ठेवून आणि तेथे पूर्वी कोण राबत होते हे सांगणारा एक माणूस दाराशी नेमून कोठाराला कोठारच राहू देणे अधिक शहाणपणाचे ठरेल.